ईबी-१ए की एनआयडब्ल्यू? अमेरिकेतल्या आपल्या रिसर्चवाल्यांसाठी

ईबी-१ए (असाधारण क्षमतेवर मिळणारं) आणि एनआयडब्ल्यू (राष्ट्रहितासाठी जॉब ऑफरची अट माफ करून मिळणारं) हे ग्रीन कार्डचे, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचे, दोन मार्ग. दोन्हीत एक गोष्ट सेम, युनिव्हर्सिटीच्या मागे लागावं लागत नाही, त्यासाठीचा आय-१४० अर्ज स्वतःच भरता येतो. एनआयडब्ल्यूला २०१६ च्या धनासर केसचे तीन मुद्दे, म्हणजे काम देशासाठी महत्त्वाचं, ते पुढे न्यायची तुमची तयारी, आणि जॉब ऑफरची अट माफ करण्यात अमेरिकेचा फायदा, त्यामुळे सायटेशन्स थोडी कमी असली तरी मांडणी चांगली असेल तर जमून जातं. ईबी-१ए कडक. दहापैकी निदान तीन निकष, आणि ते झाल्यावरही ऑफिसर सगळं एकत्र तोलतो. पेपर्स आणि पीअर रिव्ह्यू सहसा निघतात, अडतं ते मूळ योगदानावर, तिथे सायटेशन्सचा नुसता आकडा देऊ नका, तुमची पद्धत दुसऱ्या लॅबने वापरली ते दाखवा.

पण जन्म भारतातला असेल तर खरा फरक रांगेचा आहे. ७ टक्क्यांच्या देशनिहाय मर्यादेमुळे ईबी-२ ची, म्हणजे एनआयडब्ल्यू ज्या गटात येतं त्याची, रांग दहा वर्षांच्या पुढे गेलीय, ईबी-१ ची बरीच छोटी. म्हणून मी तर सांगेन एनआयडब्ल्यू आत्ताच टाका, अप्रूव्ह झालं की प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख) तुमची, आणि पुढे प्रोफाइल वाढल्यावर ईबी-१ए मिळालं की तीच जुनी तारीख तिकडेही चालते. मुलं मोठी होत असतील तर अजिबात थांबू नका, २१ वर्षांची झाली की ती तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकतात, तो हिशोब त्यांनाही लागतो.