तीन धुण्यांपुरती चकाकी

गाडीच्या बॉनेटवर खडी उडून पडलेले सात टवके आणि मागच्या दारावरचा एक लांब ओरखडा, एवढेच काम होते. ते घरीच करायचे असे मी ठरवले होते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून रंगाचा कोड उतरवून घेतला होता आणि त्या कोडाच्या टच-अप रंगाची छोटी बाटलीही आणून ठेवली होती. ती बाटली दोन महिने फडताळात तशीच पडून राहिली, आणि माझ्या फसवणुकीची सुरुवात खरे तर त्या आळसातच झाली. घरी येऊन दोन तासांत टवके भरून, पॉलिश करून, वर पाच वर्षे टिकणारे सिरॅमिक कोटिंगही, म्हणजे रंगावरचा कडक संरक्षक थरही, करून देणारा एक जण आहे असे कळले, तेव्हा बाटली उघडण्यापेक्षा त्याला बोलावणे मला सोयीचे वाटले.

आल्याआल्या त्याने प्रात्यक्षिक दाखवले. मागच्या दारावरच्या लांब ओरखड्याला त्याने हातही लावला नाही. दार उघडताना हँडलच्या खोबणीत नखांच्या बारीक रेषा पडतात, त्यांतली एक त्याने निवडली, लेबल नसलेल्या बाटलीतले पांढरट द्रव फडक्यावर घेतले, चार वेळा गोल फिरवले आणि रेषा नाहीशी झाली. मी तिथेच होकार दिला. तोच प्रयोग नुसत्या पाण्याच्या बोटाने करता येतो, हे मला फार उशिरा समजले. वरच्या पारदर्शक थरातला बारीक ओरखडा डोळ्यांना पांढरट दिसतो, कारण त्याच्या खडबडीत कडांवर उजेड विखुरतो. त्या खाचेत पाणी, तेल किंवा सिलिकोन भरले की विखुरणे थांबते आणि ओरखडा दिसेनासा होतो. पाणी दोन मिनिटांत वाळते आणि तेलकट द्रव काही आठवडे टिकतो, एवढाच दोहोंतला फरक आहे. रंगावरून आडवे नख फिरवल्यावर ते ज्या ओरखड्यात अडकते, तो सहसा कोणत्याही पॉलिशने सुरक्षितपणे जात नाही, आणि माझ्या मागच्या दारावरच्या ओरखड्यात नख चांगलेच अडकत होते.

नंतर त्याने बफिंग मशीन काढले. बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि मधल्या उंच घडीवर त्याने ते जोर देऊन, एकाच जागी बराच वेळ धरले, आणि थोड्या वेळाने पॅड उलटा करून मला दाखवला. पांढरा पॅड लालसर झाला होता. "हा वरचा मेलेला रंग आहे, तो निघाल्याशिवाय चमक येत नाही," असे तो म्हणाला, आणि मी समाधानाने मान डोलावली. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या मान डोलावण्याची.

माझी गाडी लाल आहे, पण तिच्या लाल रंगावर क्लिअर कोट आहे. आजच्या बहुतेक गाड्यांना पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर हा पारदर्शक थर असतो. चारही थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट सहसा 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. ऊन अडवणारी रसायनेही याच थरात असतात. पॉलिश याचा अर्थच या थराचा वरचा अंश खरवडून पृष्ठभाग सपाट करणे. त्यामुळे क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला कंपाऊंडची, म्हणजे घासायच्या पॉलिशची, पांढरट पूड लागावी. गाडीचाच रंग पॅडवर उतरला, तर क्लिअर कोट संपून मशीन रंगापर्यंत पोहोचले असे समजावे. (क्लिअर कोट नसलेल्या जुन्या पद्धतीच्या रंगकामात पॅड रंगतोच, आणि या लोकांचे स्पष्टीकरण म्हणूनच खरे वाटते.) कडांवर आणि घड्यांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून जाणकार माणूस मशीन लावण्याआधी तिथे मास्किंग टेप चिकटवतो. त्याच्या सामानात मला टेप दिसली नव्हती.

टवक्यांचे काम त्याने वीस मिनिटांत आटोपले. त्यांतल्या दोन टवक्यांत तळाशी तांबूस ठिपका होता, म्हणजे गंज धरलेला होता. त्याने ना खरवडले, ना प्रायमर लावला. लाल रंगाचा घट्ट लगदा अंगठ्याने दाबून भरला, फडक्याने पुसला आणि त्यावरून लगेच मशीन फिरवले. शेवटी कोटिंग म्हणून आणखी एका बिनलेबलाच्या बाटलीतले द्रव लावले, त्यावर पाणी शिंपडून थेंब मोत्यासारखे घरंगळताना दाखवले आणि उद्या गाडी धुतली तरी चालेल असे सांगितले. थेंब तर साध्या मेणावरही घरंगळतात. खरे सिरॅमिक कोटिंग पक्के होण्यासाठी गाडी काही दिवस न धुण्याची सूचना दिली जाते, हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हते. संध्याकाळ झाली होती आणि तिरप्या, मंद उजेडात गाडी नवी दिसत होती. मी सगळी रक्कम देऊन टाकली. पावती मागितली तेव्हा "हमी माझ्या शब्दाची" हे उत्तर मिळाले.

पहिल्या दोन धुण्यांत काही कळले नाही, फक्त थेंब घरंगळणे कमी झाले. तिसऱ्यांदा शाम्पूने धुऊन गाडी भर दुपारच्या उन्हात उभी केली, तेव्हा हँडलखालच्या रेषा परत आल्या होत्या आणि बॉनेटभर मशीनच्या गोल फिरण्याच्या खुणा जाळ्यासारख्या पसरलेल्या दिसल्या. लगदा चार टवक्यांतून निघून गेला होता आणि गंजलेल्या दोन जागी रंगाखाली फुगवटा आला होता. फोन आधी उचलला गेला, मग नुसता वाजत राहिला, मग लागेनासा झाला.

ज्या पेंटरकडे शेवटी गाडी नेली, त्याने रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले. बॉनेटच्या मधोमध 118 मायक्रॉन आले आणि घडीवर 64. हे यंत्र एकूण जाडी सांगते, थर वेगळे करून दाखवत नाही. पण त्या घडीवर हात फिरवला तरी निस्तेज, कोरडा पट्टा जाणवत होता. बॉनेट पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नव्हता, आणि तिथे मला दुसरा फटका बसला. त्या पांढरट द्रवात सिलिकोन असावे, कारण तेलकटपणा काढणाऱ्या डिग्रीझरने दोनदा पुसूनही रंगाचा पहिला हात मारताच बारीक गोल खड्डे उमटले, ज्यांना पेंटर फिश आय म्हणतात. सगळे घासून काढून काम पुन्हा सुरू करावे लागले आणि त्याचे पैसे अर्थातच मीच भरले.

घरी येऊन काम करणारे सगळेच लबाड असतात असे माझे म्हणणे नाही. मात्र पैसे देण्याआधी एक भाग साध्या शाम्पूने धुऊन, मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, थेट उन्हात किंवा टॉर्चच्या झोतात दाखवायला सांगावे. ताज्या टच-अपवर मात्र अल्कोहोल लावू नये, रंग सुटतो. आपला ओरखडा आपण निवडावा, नख अडकणारा. बाटल्यांवरची लेबले वाचावीत. आणि टवके भरून त्याच दुपारी त्यावर मशीन फिरवणार असे कोणी म्हणाला, तर बोलणे तिथेच थांबवावे, कारण ओला रंग मशीनखाली टिकत नाही.

मागच्या दाराच्या कडेला नंतर दिसलेले दोन टवके मी त्या फडताळातल्या बाटलीनेच भरले. गंज नव्हता, तरी पत्रा दिसत होता तिथे आधी प्रायमरचा ठिपका दिला. मग टूथपिकच्या टोकाने रंगाचे चार पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन, आणि वर क्लिअरचे दोन दिले. आठवडाभर थांबून 2000 नंबरच्या ओल्या वॉटरपेपरने टवक्यापुरतेच हलके घासले आणि हाताने पॉलिश केले. या कामाला सहा संध्याकाळी लागल्या. जवळून पाहिले तर दोन्ही ठिपके ओळखू येतात, पण बारा धुणी झाली तरी ते जागचे हललेले नाहीत.