जपानी हॉटेलांना शेंगा विकायला निघालो होतो

31 हजार रुपये म्हणजे आमच्या घरात पोरीची वर्षाची फी. ते मी एका अनोळखी माणसाच्या हातावर ठेवले, कारण त्यानं मला मीठ लावलेल्या उकडलेल्या शेंगा खाऊ घातल्या होत्या. घरच्यांनी याबद्दल जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं आहे, म्हणून इथं तरी कोणी हसू नका.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात माझं सहा एकर वावर. सोयाबीन, तूर, थोडी पराटी म्हणजे कापूस. 2024च्या मे महिन्यात गावात एक जण आला, हातात रंगीत फाईल. म्हणाला, मुंबईत जपानी हॉटेलं वाढताहेत. तिथं 'एडामामे' नावाची डिश वाटीभर साडेचारशेला जाते, आणि एडामामे म्हणजे काय, तर हिरवं सोयाबीन! पिवळं पडायच्या आत शेंगा तोडायच्या, मिठाच्या पाण्यात उकडायच्या, दाणे दातानं ओढून खायचे. आपण हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा उकडून खातो ना, तसंच. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर गोम होती.

बियाणं तो देणार, 650 रुपये किलो. दोन एकरांना 40 किलो, म्हणजे 26 हजार. वर 5 हजार नोंदणी. हिरव्या शेंगा तोच 40 रुपये किलोनं उचलणार, एकरी 30 क्विंटल धरा म्हणाला. स्टॅम्प पेपरवर करार झाला. मनातल्या मनात मी गुणाकार केला आणि झोप उडाली.

तरी शंका नको म्हणून त्यानं आम्हा चौघांना नागपूरला नेलं, 'जपानी हॉटेल' दाखवायला. दारात लाल कंदील, आत मेनूकार्डात सुशीच्या खालच्याच ओळीत शेजवान नूडल्स आणि पनीर चिली. तेव्हा काही खटकलं नाही. आम्हाला काय, सगळंच नवीन. शेंगा आल्या, खाल्ल्या, खरंच बऱ्या लागल्या. आमच्यातले एक काका म्हणाले, "बाप्पा, हे तर आपलंच सोयाबीन!" तो हसला. आता वाटतं, मनातून जास्तच हसला असेल.

बियाणं आलं ते गडद जांभळं औषध लावलेलं. दाणा बारीक दिसला म्हणून विचारलं, तर म्हणे जपानी वाण आहे, शेंग पोसली की फुगतो. पोत्याला टॅग नव्हता, पावतीऐवजी व्हिजिटिंग कार्ड. पैसे अर्धे रोख, अर्धे फोनवरून कोणा भलत्याच माणसाच्या खात्यात. सगळं नियमाच्या उलट, आणि मी पंचवीस वर्षं शेती करणारा माणूस. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, सत्यप्रत म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हमीच्या बियाण्याला हिरवट, हे मला पाठ आहे.

पोळ्याच्या सुमारास शेंगा भरल्या. फोन लावला तर बंद. आठ दिवसांनीही बंद. शेंगा पिवळ्या झाल्या. विरळ पेरणीमुळे उतारा कमी आला. सोंगणी करून हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून काढलं आणि साधं सोयाबीन म्हणून विकलं. हमीभाव क्विंटलला 4892 होता, व्यापाऱ्यानं 4100 नं घेतलं.

दिवाळीनंतर सेवाग्राम एक्सप्रेसनं भाचीकडे मुंबईला गेलो. करार दाखवला, ती म्हणाली, "मामा, आधी हे तर बघू, चांगलं जपानी हॉटेल असतं कसं." ती ऑफिसच्या पाहुण्यांना घेऊन जात असते, तिला ठाऊक. कुलाब्याच्या ताजमध्ये 'वसाबी बाय मोरिमोटो' नावाचं जपानी हॉटेल 2004 पासून आहे, पण तिथं आपण फक्त बाहेरून बघायचं. जिथं चायनीज, थाय, जपानी सगळं एकाच कार्डावर असतं, ते ती सोडून देते. कार्ड छोटं हवं. सुशीचा भात आखूड दाण्याचा, शिरक्याची चव असलेला, कोमट हवा. फ्रिजमधला गार, टणक भात आला की उठावं म्हणाली. आणि गिऱ्हाइकांत जपानी माणसं दिसली तर निर्धास्त बसावं.

वांद्र्याच्या एका छोट्या हॉटेलात बसलो. कार्ड दोन पानांचं. शेंगा मागवल्या. एकेक शेंग माझ्या बोटाएवढी, दाणा वाटाण्यासारखा फुगलेला. मी खिशातून माझ्या वावरातली वाळलेली शेंग काढून शेजारी ठेवली. भाची काहीच बोलली नाही.

मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, काका, हा माल आम्हाला गोठवलेल्या पाकिटांत येतो, उणे 18 अंशावर. ताजी शेंग तोडल्यावर तिची गोडी झपाट्यानं उतरते. आर्वीहून इथवर बर्फाशिवाय कशी आणणार? आणि लागतं किती? आठवड्याला पाच किलो. म्हणजे वर्षाला 260. मी तिथंच नॅपकिनवर हिशेब मांडला. माझ्या एकट्याचा माल 6000 किलो. तेवढा खपवायला अशी 23 हॉटेलं वर्षभर लागली असती. आणि त्यानं एकट्या आमच्या गावातले अकरा जण गाठले होते.

हा हिशेब मी मे महिन्यात का केला नाही, हे मला अजून कळत नाही.

परत आल्यावर बियाण्याच्या डब्यात उरलेले मूठभर दाणे घेऊन आर्वीच्या सोनाराकडे गेलो. शंभर दाणे मोजून काट्यावर टाकले, भरले 12 ग्रॅम. एडामामेच्या वाणांचे शंभर वाळके दाणे 30 ग्रॅमच्या वर भरतात. 12 म्हणजे आपलं नेहमीचं, जेएस-335 वाणासारखं. सोनार म्हणाला, "भाऊ, याले मजुरी नाही घेत."

तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार दिली आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, लॉट नंबर काय? टॅग नाही, पावती नाही, तर काय सांगणार. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवलं, पण मध्ये सहा महिने गेले होते. तुमच्याकडून असे पैसे गेले तर त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात लावा तो नंबर.

परवा कारंजा घाडगेहून साडूचा फोन आला. गावात एक जण आलाय, वसाबीची रोपं देतो म्हणतो, मुंबईची जपानी हॉटेलं सोन्याच्या भावानं घेतात. वसाबी म्हणजे सुशीसोबत खातात त्या झणझणीत हिरव्या चटणीचं झाड. त्याला सावली आणि थंडगार वाहतं पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या घरात. विचारलं, हातात रंगीत फाईल आहे का? आहे म्हणाला.

मी म्हटलं, त्याले चहा पाज, बसवून ठेव, मी निघालोच.