हेडलाईटला पीपीएफ लावावी का? वर्षभराहून जास्त वापरल्यावर बनलेलं मत

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. हेडलाईटची लेन्स नवी किंवा नुकतीच पॉलिश केलेली असेल आणि गाडी हायवेवर बरीच पळत असेल किंवा दिवसभर उन्हात उभी राहत असेल, तर पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे गाडीवर चिकटवायची संरक्षक फिल्म) लावून घ्या, तीही पारदर्शक आणि टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकची. गाडी छपराखाली उभी राहते आणि शहरातल्या शहरात फिरते, तर पैसे वाचवा. लेन्स आधीच धुरकटली असेल तर नुसती फिल्म चिकटवून काही साधणार नाही, तो धुरकटपणा फिल्मखाली तसाच राहील. काळी, स्मोक किंवा पिवळी फिल्म मात्र कुणीच लावू नये.

माझ्या गाडीवर तुलना आपोआपच जमून आली. डाव्या हेडलाईटचा मागचा क्लॅम्प तुटला होता, म्हणून त्या बाजूला अख्खं युनिट नवं बसवावं लागलं. उजवी मूळचीच, वरच्या बाजूने पिवळट झालेली. नवी आणि जुनी एकाच बंपरवर आल्यावर जुनीचं पिवळेपण फारच डोळ्यांत भरायला लागलं. मग उजवी घासून पॉलिश केली आणि दोन्हींवर एकाच रोलमधली फिल्म एकाच दिवशी लावून घेतली. त्यानंतर कडक ऊन, पाऊस, थंडी, सगळं होऊन गेलं आहे.

थोडं मागचं कारण. हल्लीच्या हेडलाईटची लेन्स पॉलिकार्बोनेटची असते. हे प्लॅस्टिक धक्का उत्तम सोसतं, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा कडक पारदर्शक थर देतात. तो थर ऊन, धूळ आणि खड्यांनी झिजला की खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं आणि मग पिवळेपणा झपाट्याने वाढतो. आतल्या बल्बच्या उष्णतेमुळे लेन्स पिवळी पडते असं बरेचजण सांगतात, पण गाडीसमोर उभं राहून बघा : बहुतेक गाड्यांत वरचा, आभाळाकडे तोंड असलेला भाग आधी जातो आणि खालचा बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. ऊनही वरच जास्त पडतं.

पीपीएफ म्हणजे साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची (हेच ते टीपीयू) फिल्म, खाली अॅक्रिलिक गोंद आणि वर पातळ टॉप कोट. मुळात हा प्रकार हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खड्यांपासून वाचवायला निघाला, गाड्यांवर नंतर आला. त्यामुळे खडे झेलणं हे हिचं मूळ काम, उन्हापासूनचं संरक्षण ही वरची कमाई. स्वस्तातली फिल्म बरेचदा पीव्हीसीची असते. ती ताठ असते, वळणावर नीट बसत नाही आणि कालांतराने तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ निघून गेला की आक्रसते, तडकते. एका ओळखीच्यांच्या गाडीवरची अशी फिल्म काढताना पाहिली आहे. एका ओढीत निघेल तर शपथ! नखाएवढे तुकडे निघत होते आणि गोंद लेन्सवरच राहत होता. फिटरला पहिला प्रश्न हाच विचारा, टीपीयू आहे की पीव्हीसी. उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे जा.

लावण्याआधी मला खरी धास्ती होती ती उजेड कमी होण्याची. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. प्रकाश हवेतून प्लॅस्टिकमध्ये किंवा प्लॅस्टिकमधून हवेत जातो त्या प्रत्येक सीमेवर साधारण 4-5 टक्के परत फिरतो. फिल्म गोंदाने लेन्सला एकजीव चिकटलेली असेल तर मधे हवा नसते, म्हणजे अशी नवी सीमा तयारच होत नाही आणि नुकसान नगण्य राहतं. बुडबुडा राहिला तर मात्र तेवढ्या जागी दोन सीमा वाढतात आणि प्रकाश विखुरतो. त्यामुळे बुडबुडे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. मी फिल्म लावण्याआधी आणि नंतर, गाडी भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर उभी करून, फोनच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लॉक करून फोटो काढले. भिंतीवर डिपरच्या उजेडाची वरची रेघ तितकीच धारदार, उजेडाचा पट्टा तसाच. रात्री चालवतानाही फरक जाणवला नाही. लावल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाली अडकलेल्या पाण्यामुळे फिल्म जराशी दुधाळ दिसली, ते पाणी सुकल्यावर स्वच्छ झाली. तेव्हा घाबरून फिल्म उचलून बघायला जाऊ नका.

आता या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत पटलेली गोष्ट. फिल्म लेन्सच्या अगदी काठापर्यंत नेत नाहीत, दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबवतात, म्हणजे कडा बॉनेटला किंवा बंपरला घासून उचकटत नाही. उजव्या हेडलाईटला पॉलिश करताना कारखान्याचा थर घासून गेलेला होता. साहजिकच काठाची ती बारीक पट्टी ना थराखाली, ना फिल्मखाली, अशी उघडीच राहिली. आज वरच्या काठाला ती पट्टी स्पष्ट पिवळट, खरखरीत झाली आहे आणि तिला लागूनच फिल्मखालचा भाग पॉलिश केल्या दिवसासारखा आहे. तेच प्लॅस्टिक, तेच ऊन, मधे फक्त फिल्मची कडा. डाव्या, नव्या हेडलाईटला अशी पट्टी उमटलेली नाही, कारण तिथे कारखान्याचा थर शाबूत आहे. यावरून माझं मत असं झालं की पिवळेपणापुरतं बोलायचं तर फिल्मची खरी गरज पॉलिश केलेल्या लेन्सला आहे. नव्या लेन्सवर तिचा उपयोग मुख्यतः खड्यांसाठी, उन्हाचं काम तिथला थर अजून काही वर्षं स्वतःच करतो.

खड्यांचा हिशेब दोन्हीकडे दिसतो. ट्रकच्या मागून उडालेल्या बारीक खड्यांचे टिंबाएवढे खळगे फिल्मवर आहेत, तिरप्या उजेडात मोजता येतील इतके. त्यातला एखादा फिल्म नसती तर लेन्सवरच उमटला असता. मोठा दगड थेट आदळला तर ही फिल्म काही करू शकणार नाही, तशी अपेक्षाही नको. ‘सेल्फ हीलिंग’ची, म्हणजे ओरखडे आपोआप भरून येण्याची जाहिरात अर्धी खरी आहे. धुताना फडक्याने उठलेले बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने खरंच पुसट होतात. खड्याने पडलेला खळगा किंवा काप मात्र तसाच राहतो. किड्यांचे डाग लवकर सुटतात, ही एक अनपेक्षित सोय. ते आम्लधर्मी असतात, लेन्सवर सुकून बसले तर खुणा सोडतात. फिल्मवर ओलं फडकं ठेवायचं आणि थोड्या वेळाने पुसायचं.

तक्रारी आहेतच. उजव्या हेडलाईटचा बॉनेटकडचा कोपरा प्रेशर वॉशरने उचकटला. धुणाऱ्याने नोझल अगदी जवळ, कडेच्या दिशेने धरलं होतं. आता मी आधीच सांगतो, फूटभर लांबून आणि समोरून मारा. दुसरं, फिल्मच्या कडेला धुळीची काळी रेघ बसते. पांढऱ्या गाडीवर ती जास्त खुपते. मऊ ब्रश फिरवला की जाते, पण पुन्हा येते. तिसरं, लेन्सच्या आत धरणारं दव. त्याचा फिल्मशी काही संबंध नाही. हेडलाईटला हवेसाठी छिद्रं असतात, थोडी वाफ धरून आपोआप जाते. पाणी साठत असेल तर सील गेलं आहे, ते वेगळं दुखणं.

बसवताना बघण्यासारख्या गोष्टी फार नाहीत, पण एक महत्त्वाची आहे : प्लॉटरवर (संगणकावरच्या आराखड्याप्रमाणे कापणाऱ्या यंत्रावर) आधीच कापलेली फिल्म मागा. पूर्ण तुकडा चिकटवून लेन्सवरच ब्लेडने कापणारे हात कितीही सफाईदार असले तरी पातीचा चरा वरच्या थरात गेला की ऊन तिथूनच आत शिरतं. बाकी लेन्स आधी क्ले बारने (चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ मातीच्या वडीने) आणि पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करणं, शांपूच्या पाण्यावर फिल्म सरकवून जागेवर आणणं, स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी काढणं, वळणावर हीट गनची बेताची धग देणं, हे जाणता माणूस करतोच. फार ताणून बसवलेली फिल्म मागाहून कडेला आखडते, एवढं लक्षात ठेवा.

घरगुती उपायांबद्दल एक कळकळीचं. टूथपेस्टने लेन्स चकाकते कारण ती सौम्य पॉलिशच आहे. पण त्यात उन्हाला अडवणारं काही नाही, काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. डासांचा स्प्रे मारून लेन्स स्वच्छ करण्याचे व्हिडिओ त्याहून घातक. त्यातलं डीट हे डास पळवणारं रसायन प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं, म्हणून क्षणभर काचेसारखं दिसतं. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल यांनी पॉलिकार्बोनेटला आतून चिरा पडतात. यापैकी काहीही फिल्मखाली जाऊ देऊ नका. सिरॅमिक कोटिंग (लेन्सवर पुसून लावायचा द्रव थर) वापरलं तर पाणी छान घरंगळतं, पण थर इतका पातळ असतो की खड्यापुढे त्याचा काही उपयोग नाही.

रंगीत फिल्मबद्दल सुरुवातीलाच बोललो. गाडी रुबाबदार दिसते हे मान्य, पण ती उजेड गिळते, पावसात ओल्या रस्त्यावर ते जाणवतंच आणि बऱ्याच देशांत नियमातही बसत नाही. पारदर्शक फिल्मच्या बाबतीतही गाडीचं मॅन्युअल एकदा चाळा. काही कंपन्या दिव्यांवर काहीही चिकटवू नका असं लिहितात. हल्लीचे एलईडी दिवे एकसंध युनिट असतात, नुसती लेन्स सहसा सुटी मिळत नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं. त्यापुढे फिल्मचा खर्च किरकोळ वाटतो, आणि माझ्यासारख्या हायवेवाल्याला तेवढं कारण पुरेसं होतं.

उजव्या बाजूची फिल्म पुढेमागे काढून काठाची पट्टी पुन्हा पॉलिश करायचा विचार आहे. काढताना फिल्म कोमट करून, लेन्सला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढायची. झटका दिला की गोंद मागे राहतो. पॉलिशनंतर कुणी लेन्सवर स्प्रेचा क्लिअर कोट मारून त्यावर फिल्म लावली असेल तर त्यांनी जास्तच जपावं, कारण तो कोट नीट धरलेला नसेल तर फिल्मबरोबर तोही सोलून निघतो. म्हणून मी उजवीवर पॉलिशनंतर कोट मारू दिला नव्हता, फिल्म सरळ प्लॅस्टिकवरच लावून घेतली आहे.