ईजीएफआरची डी३८बी१ अँटीबॉडी: ब्लॉटला झकास, जिवंत पेशींना उपयोग नाही

टोटल ईजीएफआरसाठी (पेशीच्या पडद्यातला, ईजीएफ हा वाढीचा संकेत पकडणारा रिसेप्टर) आम्ही सेल सिग्नलिंग कंपनीची डी३८बी१ वापरतो, सशाची मोनोक्लोनल आहे, आणि वेस्टर्न ब्लॉटपुरतं (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) बोलायचं तर नाव ठेवायला जागाच नाही. १:१००० ला पातळ करून, टीबीएसटी बफरमधल्या ५ टक्के बीएसए प्रथिनात रात्रभर ४ डिग्रीला ठेवायची, १७५ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास ठसठशीत बँड येतो. अमिनो ॲसिडचा हिशोब केला तर १३४ च्या आसपास भरतं म्हणून नवीन पोरं बँड एवढा वर बघून गडबडतात, पण रिसेप्टरच्या बाहेरच्या भागावर साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात, तो वरच येणार. पॉझिटिव्ह कंट्रोलला ए४३१ पेशी घ्या, फक्त लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) हात राखून घाला, त्या पेशींत ईजीएफआर इतका बेसुमार असतो की बँड जळून जातो आणि शेजारचा एमसीएफ-७ पेशींचा फिकट बँड कोणाला दिसतच नाही.

आता खरी गोम. रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतो म्हणून लोक हीच बाटली उचलून फ्लो सायटोमेट्रीला (एकेक पेशीची चमक मोजायचं तंत्र) जिवंत पेशींवर टाकतात आणि मग सिग्नल नाही म्हणून कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. अरे पण ही बनवलीय आतल्या, म्हणजे किनेजवाल्या (एन्झाइमचं काम करणाऱ्या) भागावर! जिवंत पेशीचा पडदा ओलांडून अँटीबॉडी आत जाणार कशी? फिक्स करून पडद्याला भोकं पाडली की मस्त चालते, पण तेव्हा पृष्ठभागावरचा आणि एंडोसोममधला (पेशीच्या आतल्या पिशव्यांतला) असा सगळाच माल एकत्र मोजला जातो. ईजीएफ दिल्यावर रिसेप्टर आत ओढला जातो, तेव्हा पृष्ठभागावर किती उरला हे हिला विचारून काही कळत नाही.

त्यासाठी बाहेरच्या भागाला चिकटणारा क्लोन, म्हणजे दुसरी मोनोक्लोनल अँटीबॉडी, हवा. ५२८ चांगला आहे पण तो ईजीएफ बसतो तिथेच बसायला बघतो, त्यामुळे ईजीएफ दिलेल्या सॅम्पलमध्ये सिग्नल उतरला तर रिसेप्टर आत गेला की नुसती जागा अडली हे सांगता येत नाही, म्हणून ईजीएफच्या आड न येणारा क्लोन बघून घ्या. आणि पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, बाहेरचा भागच कुरतडला जाऊ शकतो, ईडीटीए वापरा.

ॲक्टिव्हेशन बघायचं असेल तर फॉस्फो-टायरोसिन १०६८ ची (रिसेप्टर चालू झाल्यावर त्या जागी फॉस्फेट लागतो, तो ओळखणारी) वेगळी अँटीबॉडी घ्यावी लागते, तीही बहुतेक सशाचीच मिळते, मग एकाच मेम्ब्रेनवर स्ट्रिप करत (आधीची अँटीबॉडी धुऊन काढत) बसण्यापेक्षा दोन जेल चालवा.

बाटलीत ग्लिसरॉल असतं, उणे २० ला गोठत नाही, त्यामुळे ॲलिकोट करायची (छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवायची) कटकट नाही. पातळ केलेली अँटीबॉडी थोडं सोडियम अझाइड घालून ४ डिग्रीला ठेवली की परत वापरता येते, फक्त एचआरपीवाल्या सेकंडरीत (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून सिग्नल देणारं एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी) अझाइड चुकूनही नको, एन्झाइमच बंद पडतं.