४/३ मिमी वेटसूट: युटाच्या ओल्या घळींत काही महिने वापरल्यानंतर

हा सूट मी गेल्या पानगळीत घेतला तो एकाच हिशेबाने: मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या ओल्या घळींत दोराने उतरायचं. तेव्हापासून तो थंडीत आणि वसंतात भरपूर वापरून झालाय. गुडघ्यांवर ठिगळं आलीत, शिवणी मात्र शाबूत आहेत. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

वाळवंट म्हटलं की आपल्याला ऊनच आठवतं. नवाहो वालुकाश्मात पाण्याने कापलेल्या या घळी काही ठिकाणी इतक्या अरुंद आहेत की हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. तळाशी ऊन पोचतच नाही, त्यामुळे साचलेलं पाणी हिवाळ्याचा गारठा धरून बसतं. मार्चमध्ये झायनच्या दरीत दुपारी १६-१७ अंश असतं, लोक टी-शर्टवर फिरत असतात, आणि त्याच वेळी पाइन क्रीक घळीतल्या डबक्यात पाय टाकला की पोटऱ्या ठणकायला लागतात. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. सांधण दरीत मी कमरेएवढ्या गार पाण्यातून गेलेय, पण तिथे पलीकडे निघालं की खडकावर बसून अंग शेकता येतं. सह्याद्रीतला दोराचा सराव इथे पुरेपूर कामाला येतो, थंडीचा अंदाज मात्र नव्याने बांधावा लागतो.

४/३ म्हणजे धडाला ४ मिमी जाडी, हातापायांना ३. यापेक्षा मी मापाला जास्त महत्त्व देईन. सूटमध्ये पाणी शिरतंच; शिरलेला पातळ थर अंगाच्या उबेने तापतो आणि तो तिथेच टिकला तर आपण टिकतो. सूट ढिला असेल तर प्रत्येक हालचालीला तापलेलं पाणी बाहेर आणि थंडगार पाणी आत. माझी उंची बेताची, म्हणून बायकांच्या मापातला आखूड प्रकार शोधून घेतला. दुकानात उकिडवं बसून, हात डोक्यावर ताणून आणि वर हार्नेस (दोराला अडकवायचा कमरपट्टा) चढवून पाहिला. पाठीच्या खळग्यात पोकळी राहत असेल तर कितीही सवलत असली तरी घेऊ नका. चिकटवून मग आतून शिवलेल्या शिवणीच घ्या. साध्या सपाट शिवणीतून पाणी झिरपत राहतं.

खरी परीक्षा रॅपलच्या, म्हणजे दोरावरून उतरण्याच्या, तळाशी होते. बऱ्याचदा रॅपल थेट डबक्यात संपतो आणि गळ्याएवढ्या पाण्यात तरंगत दोर डिसेंडरमधून (उतरण्याचा वेग रोखणारं साधन) सोडवावा लागतो. पहिला मिनिटभर श्वास ताब्यात नसतो. तोंडाने सावकाश सोडत राहायचं, तो ताब्यात आला की मगच हाताला काम सांगायचं. कॅराबिनरचा (दोर अडकवायची धातूची कडी) स्क्रू फिरवायला अंगठा आणि तर्जनी लागते, आणि गार पाण्यात बोटं लवकर बधिर होतात. जाड हातमोज्यांत स्क्रू सापडत नाही, म्हणून मी २ मिमीचे वापरते. दोर पाण्याला टेकेल एवढाच सोडला तर खाली पोचताच त्याचं टोक डिसेंडरमधून आपोआप निघतं आणि ही झटापटच वाचते. आमच्या चौघांत हे आता ठरूनच गेलंय.

इतक्या महिन्यांत एक गोष्ट पक्की झाली: पोहताना अंग तेवढं गार पडत नाही जेवढं थांबून पडतं. झायनच्या कित्येक घळींत एका गटात १२ जणांना परवानगी मिळते. वसंतात बारा जण गेले, तर पहिल्या उतरलेल्याने प्रत्येक रॅपलखाली ओल्या अंगाने अकरा जणांची वाट पाहायची. असा सूट घालून तिघं किंवा चौघं, सगळे रॅपलमध्ये तरबेज, एवढंच मला योग्य वाटतं. पाइन क्रीकला हे छान जमतं. गाडी लावली की घळ समोरच, आणि शेवटचा सुमारे ३० मीटरचा रॅपल झाला की पाण्याचं मुख्य काम संपतं. कीहोल ही घळ त्याहून छोटी, पण शेवटी अंधारात पोहावं लागतं. डोक्यावर नियोप्रीनची (सूट ज्या रबराचा असतो त्याची) टोपी नसेल तर तिथे कपाळ दुखून येतं.

सबवे या लांब घळीसाठी मात्र मार्चमध्ये मी यावर भिस्त ठेवणार नाही. वरून खाली यायची वाट सुमारे १५ किमी, मध्ये पुन्हापुन्हा पोहणं, आणि कोलोब टेरेस रस्त्याच्या वरच्या भागात अजून बर्फ. तिथे ड्रायसूटच (पाणी आत येऊच न देणारा सूट) हवा. झायनला लागून असलेल्या स्प्रिंगडेल गावात भाड्याने मिळतो. विकत घेणं मला पटत नाही, कारण वालुकाश्म पॉलिशपेपरसारखा घासतो आणि ड्रायसूटला एक भोक पडलं की त्याचा उपयोग संपला. वेटसूट फाटला तरी ऊब बऱ्यापैकी राहते.

झीज अपेक्षेपेक्षा लवकर झाली. रांजणखळग्यांतून बाहेर पडताना गुडघे आणि बसायची जागा घासते. आता मी वरून जुनी जाड पँट घालते आणि चिरा दिसल्या की नियोप्रीनचा गोंद रात्रभर सुकू देते. मानेची कड बोचते, त्याला आत पातळ रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा शर्ट) हा उपाय. ओला सूट पाठीवर जड होतो, हेही जेवणाखाणाचं वजन ठरवताना धरा. घरी आल्यावर गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, सावलीत रुंद हँगरवर टाकते. उन्हात नियोप्रीन कडक होतं.

सूट अंगात असला की धीर येतो, आणि तोच धीर हवामानाच्या बाबतीत धोक्याचा आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला कीहोलमध्ये अचानक आलेल्या पुरात एका गटातले सातही जण गेले. तिथे कुठल्याही जाडीचं नियोप्रीन उपयोगाचं नव्हतं. वसंतात वितळत्या बर्फाचं पाणी वेगळंच. व्हर्जिन नदीचा विसर्ग १५० क्यूसेकच्या वर गेला की नॅरोज (नदीच्या पात्रातून चालायची अरुंद दरी) बंद करतात आणि वसंतात ते बरेचदा बंदच असतं. परवाना हातात असला तरी सकाळी पुराचा अंदाज वाचूनच आम्ही दोर गाडीतून बाहेर काढतो.

सूटबरोबर नियोप्रीनचे मोजे घेणार असाल तर बूट अर्धा नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात मोजा दाबला गेला की त्याची ऊबही जाते आणि बोटंही बधिर होतात.