एक्सलेटर केबल घरीच बदलली : आठ महिन्यांनंतर

गाडी 2008 ची, 796 सीसी पेट्रोल. मागच्या गणपतीत यवतेश्वरचा घाट चढताना ती दुसऱ्या गिअरलाही रडायला लागली. एक्सलेटर पार तळाला टेकला तरी जोर येईना. मेकॅनिक म्हणाला, इंजिन थकलंय. मला काही ते पटेना. पोवई नाका ते गोडोली रोज चालवतो, तिथं कुरकुर नाही. पण तिथं पूर्ण रेस लागतेच कुठं?

रविवारी इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडलं आणि आईला स्टेअरिंगमागं बसवलं. जन्मात पहिल्यांदा.
"दाब आई."
"पळंल की रे गाडी!"
"बंद आहे गं. तळापर्यंत दाब."
तिनं दाबलं, तरी थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, लिव्हर स्टॉपरला टेकायच्या बोटभर आधीच थांबला. म्हणजे पाय अर्धा ढिलाईतच खर्ची पडत होता. पायाखाली मॅटवर मॅट होती, ती काढल्यावर थोडा फरक पडला. बाकीची ढील केबलचीच, म्हणजे पेडलपासून थ्रॉटलपर्यंत जाणाऱ्या तारेची.

थ्रॉटलजवळच्या पट्टीवर केबलचं आट्यांचं टोक दोन नटांमध्ये धरलेलं असतं. नट सैल करून ते टोक लिव्हरपासून लांब सरकवलं की तार ताणली जाते. मी हौसेनं जरा जास्तच ताणली. स्टार्टर मारला तर स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरतं तो वेग, एकदम वाढलेला, पेडलवर पाय नसताना इंजिन घोंघावतंय. अशी गाडी रस्त्यावर काढायची नसते. परत सैल केली. आता पेडल मोकळं असताना तार बोटानं दाबली की तीन-चार मिलिमीटर हलते. तुमच्या गाडीचं माप तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि पेडल सोडल्यावर लिव्हर ज्या स्क्रूवर टेकतो त्याला हात लावू नका, ते कंपनीचं सेटिंग असतं.

घाटात गाडी सुसाट! पण पंधरा दिवसांत ढील परत. पुन्हा ताणली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र डॅशबोर्डखाली डोकं घालून बॅटरी मारली. पेडलच्या टोकाशी तारेचे चार-पाच पदर तुटून काथ्यासारखे पिंजारले होते. उरलेल्यांवर सगळा भार. मी नट फिरवत होतो आणि तार एकेक पदरानं तुटत चालली होती. हे पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये नवी टाकली, साडेतीनशे रुपयांची. बॉनेटकडचं काम पंधरा मिनिटांचं, पेडलकडं तासभर मान मोडली. जुनी जिथून गेली होती तिथूनच नवी नेली, कुठंही कोन पडू दिला नाही. आत प्लास्टिकचं अस्तर आहे म्हणून तेल घातलं नाही. तेलावर धूळच बसते.

तेव्हापासून सहा हजार किलोमीटर झाले. पहिल्या महिन्यात एकदा किंचित ताणावी लागली, नंतर पाना लावलेला नाही. अॅव्हरेज वाढलं असं सांगणारे भेटतात, माझं तरी वाढलं नाही. डिसेंबरात सकाळी पेडल पहिल्या दाबाला चिकटायला लागलं, तेव्हा जीव धसकला. केबल लिव्हरवरून काढून लिव्हर हातानं फिरवला, तरी अडकतोय. म्हणजे केबल निर्दोष, थ्रॉटल बॉडीत कार्बन. साफ केल्यावर गेलं.

पुतण्याची गाडी नवी, तिला केबलच नाही. पेडलला सेन्सर, थ्रॉटलला मोटर. तो माझ्या पान्यांकडं बघून हसतो. हसू दे.

आता पावसाळा लागल्यापासून पेडल सोडताना बारीक 'चुईं' येतंय. पेडलच्या पिनचं असावं. रविवारी आईला बसवून बघतो.