टीबी केंद्र: गोळ्या फुकट, खाडे आपले

पुण्यात नगर रस्त्याच्या बाजूचं एक सरकारी टीबी केंद्र. नाव देत नाही, तिथल्या सिस्टरला उगाच त्रास नको. मामाला घेऊन चार महिने खेपा घातल्या. पाचपैकी साडेतीन तारे.

आम्ही कातकरी, वाडी मुळशीत. दिवाळी झाली की मामा-मामी उचल घेऊन वीटभट्टीवर येतात. मी इथेच वसतिगृहात. मामा महिनाभर खोकत होता; मुकादम म्हणायचा, धूळ आहे, जाईल.

तपासणी चोख. बेडका दोनदा द्यायचा, एक तिथल्या तिथे, एक पहाटेचा. मशीनचा रिपोर्ट त्याच दिवशी, आणि रिफाम्पिसिन, म्हणजे टीबीचं मुख्य औषध, लागू पडेल का तेही त्यातच कळलं. पैसा लागला नाही. पण भट्टीवर काम जोडीनं चालतं. मामाचे दोन खाडे म्हणजे मामीचेही दोन.

दीड तारा कापला तो खिडकीवरच्या माणसामुळे. "टीबीवाले बाजूला व्हा!" सगळ्या रांगेसमोर. मामा तिथूनच परत निघाला होता. सिस्टरनं त्याला बसवलं. "मामा, वजन ४१, रोज तीन गोळ्या. दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी, मग चार महिने तीन औषधांची. लघवी नारिंगी होईल, घाबरायचं नाही." हे शेवटचं सांगितलं नसतं तर गोळ्या चुलीत गेल्या असत्या.

ती असंही म्हणाली, "तुमच्यात फार असतो." राग आला. पण मध्य प्रदेशात श्योपूरच्या सहरियांत, तीही आमच्यासारखी आदिम जमात, लाखामागे १५१८ रुग्ण सापडले होते. २०१९-२१च्या देशव्यापी पाहणीत १५ वर्षांवरच्यांत लाखामागे ३१६. रक्तात काही नाही हो. ४१ किलोचा गडी, एका खोपटात सहा जण, आत चूल.

मे अखेर भट्टी बंद झाली. वाटलं, उपचार बुडाला. पण निक्षय नंबर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीतला रुग्णाचा नंबर, देशभर चालतो. सिस्टरनं नोंद मुळशीला हलवली, उरलेल्या गोळ्या आशाताईनं वाडीवर दिल्या.

उपचार चालू असताना सरकार देतं ते पोषणाचे महिना १००० रुपये मात्र खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून अडकले. आले तेव्हा कोर्स संपला होता.

आणि घरच्यांची तपासणी, प्रतिबंधाच्या गोळ्या? आम्ही विचारलं तेव्हा मिळालं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.